दोन दारांची गाडी

मारेगाव
९ नोव्हेंबर २०२४

मितू,

नव्या सोलिनाचं ब्रोशर मिळालं. दोनदा वाचलं, कारण तू पाठवलं. एरवी पहिल्याच पानावर मिटवून ठेवलं असतं.

जुनी सोलिना रस्त्यावर दुरून ओळखू येत होती. नव्या गाडीचं तोंड पाह्यलं तर कोणत्या कंपनीचं आहे तेच समजत नाही. मागं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाल पट्टी लावली, ट्यूबलाइटसारखी. अन् एसीचे गोल बटन काढून टाकले. आता गार हवा पाहिजे असन तर पडद्यावर बोट फिरवा. मी ज्या बायकांले गाडी शिकवते त्याईची नजर आरशाकडं वळवता वळवता माझा घसा कोरडा पडते. त्याईच्या हाती हा पडदा दिला तर गाडी सरळ कपाशीच्या वावरात.

तू म्हणशीन, राखी, फोन करून सांग ना. नाही सांगत. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. त्या गाड्यांच्या ग्रुपवरच्या लोकांनी "ताई, तुम्ही स्कूटी पाहा" म्हणलं तवा आपण दोघी एकाच मिनिटात बाहेर पडलो अन् ठरवलं का यापुढं गाड्यांचं भांडण कागदावर. तीन वर्षं झाली. यवतमाळच्या पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइलच्या वर्गात आपण दोघीच पोरी होतो, तवाही तू चार दारांच्या सेडानवाली अन् मी दोन दारांच्या कूपेवाली. दहा वर्षांत दोघींनीही पार्टी बदलली नाही.

आता कामाचं. मी गाडी घेऊन राह्यली. ड्रायव्हिंग स्कूलची नाही, माझी. सहा वर्षं पैसे बाजूले टाकून राह्यली होती, आता जमलं. मले केस्ट्रा पाहिजे. कंपनीनं बंद केली हे माहीत आहे, म्हणूनच तुले सांगून राह्यली. तुमच्या शोरूमचं लोहाऱ्याच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचं यार्ड आहे ना, तिथं नजर ठेव. दोन दारं, बुटकी, गिअरची. रंग कोणताही चालन, पांढरा सोडून.

देवसिंग म्हणते, दोन दारांच्या गाडीत याडीले, आपल्या म्हाताऱ्या मायले, कुठं बसवशीन. माझा भाऊ आहे म्हणून ऐकून घेतलं.

तुझी
राखी

*

यवतमाळ
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय राखी,

तू सोलिना चालवून पाहिलेली नाहीस. ब्रोशर पाहून गाडीला नावं ठेवणारी गिऱ्हाइकं मला रोज भेटतात, त्यात तू नको.

मी चालवली आहे. जुनीपेक्षा लांब आहे, मागं पाय ठेवायला जागा आहे. डिकी एवढी की दोन मोठ्या बॅगा टाकून वर पिशव्या राहतात. गतिरोधकावरून जाताना पोटाला घासत नाही. पट्टीचा दिवा मलाही आवडला नाही, पण दिव्याकडे पाहायचं मागच्यानं, आपण नाही. आणि पडदा सोडला तर तू एकही दोष सांगितलेला नाहीस. तोंड आवडलं नाही, हा दोष नसतो.

परवा एक जण आले. मी त्यांना इंजिनचं सगळं समजावून सांगितलं. वीस मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, आता सेल्सवाल्या सरांना बोलवा. मी म्हटलं, मीच आहे. तर म्हणाले, तसं नाही मॅडम, गाडीचं समजणारं कोणी. आठ वर्षं झाली मला इथे. घरी आले तर बाबांना गुडघ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, आईला बहिणीकडे. अभिषेक पुण्याहून फोनवर सांगतो, ताई, तू आहेस म्हणून मला काळजी नाही.

असो. तुझं नशीब बघ. यार्डात केस्ट्रा आली आहे. गडद निळी, एका डॉक्टरांची. ते हैदराबादला चालले. फार फिरलेली नाही. पण मी अजूनही सांगते, घेऊ नकोस. सुटे भाग मिळणार नाहीत, मागची सीट नावाला आहे, मारेगावात तिला हात लावणारा मेकॅनिक नाही. तरी तुझ्यासाठी थांबवून ठेवते. यार्डाच्या माणसाला सांगितलं आहे. कधी येतेस?

तुझी
मिताली

*

मारेगाव
२४ नोव्हेंबर २०२४

मितू,

पत्र पोस्टमननं हातात दिलं तवा मी गाडीत होती, बाजूच्या सीटवर. शिकणारी बाई चौकात गाडी बंद पाडून बसली होती. मागं ट्रॅक्टर हॉर्न वाजवून राह्यला होता. मी तिथंच पाकीट फोडलं.

निळी. मले वाटलंच नव्हतं निळी भेटन.

तू घेऊ नको म्हणतं त्याचं उत्तर मी आजवर नीट दिलं नाही. स्टाइल, आवाज, रस्त्यावरची पकड, हेच सांगत राह्यली. खरं कारण वेगळं आहे. सकाळी सहापासून मी शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूले बसते. गाडी माझी, पण चाक दुसऱ्याच्या हाती. माझ्या पायाखाली एक जादाचा ब्रेक अन् एक जादाचा क्लच. दिवसभर दुसऱ्याच्या चुकीवर पाय ठेवून बसायचं. घरी गेली तरी पाय तसाच ताठ राह्यते. याडी तेल लावून देते तरी सुटत नाही. मले एक गाडी अशी पाहिजे का जिच्यात दुसऱ्यासाठी जागाच नाही. कोणाले न्यायचं नाही, कोणाले शिकवायचं नाही, कोणासाठी ब्रेक मारायचा नाही. मी, चाक अन् रस्ता. लोक याले माज म्हणतीन. म्हणू दे.

हे मी कोणाले सांगतलं नाही. देवसिंगले तर समजणारच नाही.

वणीच्या आरटीओ कॅम्पले माझ्या अकरा बायका परीक्षेले बसून राह्यल्या, त्याईले सोडून येता येत नाही. रविवारी, आठ डिसेंबरले येते. तोवर एक काम कर. तू गाडी चालवून पाह्य. कळंबपर्यंत जा, रस्ता मोकळा आहे. अन् जे वाटन ते खरं लिही. तुझ्याएवढं खरं मले कोणी सांगत नाही.

तुझी
राखी

*

यवतमाळ
२ डिसेंबर २०२४

प्रिय राखी,

काल कळंबला जाऊन आले. तू खरं लिही म्हणालीस म्हणून मुद्देसूद लिहिते.

क्लच जड आहे. शहरात अर्ध्या तासात पाय भरून येतो, आणि तुझ्या पायाची तक्रार आधीच आहे. दारं इतकी लांब की शेजारी गाडी उभी असेल तर तिरकं होऊन निघावं लागतं. मागच्या काचेतून फारसं दिसत नाही. सस्पेन्शन कडक, लहानसा खड्डाही कमरेला कळतो. स्पीडोमीटरच्या मागून बारीक आवाज येतो. टायर बदलावे लागतील आणि त्या मापाचे टायर नागपूरलाही सहज मिळत नाहीत. गावात शिरताना दोन गतिरोधकांवर खालून घासली.

तुमच्या तांड्याच्या रस्त्यावर ती एक पावसाळा काढणार नाही. तुझ्या आईचं वय पाहता त्यांना अशा गाडीत चढवणं-उतरवणं शक्य नाही. वेळप्रसंगी दवाखान्यात न्यायचं तर काय करशील? तू कष्टानं पैसे जमवले आहेत, ते अशा हौसेत घालू नयेस असं मला मनापासून वाटतं. सोलिना घे. गाडी अशी असावी की घरातल्या प्रत्येकाला तिचा उपयोग व्हावा.

आणखी एका गिऱ्हाइकाला केस्ट्रात रस आहे. यार्डवाले मला विचारत आहेत. तू विचार बदलला असशील तर लगेच कळव.

तुझी
मिताली

*

मारेगाव
६ डिसेंबर २०२४

मिताली,

पत्र तीनदा वाचलं. तीनही वेळा वाटलं का हे तू नाही, तुमच्या शोरूममधलं कोणी लिहून राह्यलं.

क्लचचं समजलं, टायरचं समजलं. ते सोड. "तुमच्या तांड्याच्या रस्त्यावर." माझा तांडा मले माहीत आहे. त्या रस्त्यावर मी सायकल चालवली, ट्रॅक्टर चालवला, तिथूनच पॉलिटेक्निकले आली. आमच्या घरी पहिली गाडी मी आणली. दुसरी कोणती आणायची ते मले कोणी शिकवायचं नाही. यवतमाळच्या डॉक्टरनं केस्ट्रा घेतली तवा त्याले कोणी विचारलं होतं का, का तुझ्या आईले दवाखान्यात कसं नेशीन? मले काहून विचारतं? तांड्यातल्या बाईनं घरच्याईच्या उपयोगाचीच गाडी घ्यावी, हौस बाकीच्याईनं करावी, असं आहे का?

तुले असं म्हणायचं नसन, हे मले माहीत आहे. पण लिहिलं तू असंच.

मी रविवारी येऊन राह्यली. पैशाचा डीडी काढला आहे. गाडी कोणाले देऊ नको.

राखी

*

यवतमाळ
१० डिसेंबर २०२४

प्रिय राखी,

रविवारी तू आलीस आणि मी नव्हते. आईची तब्येत बरी नव्हती म्हणून सुट्टी घेतली. फोन उचलता आला नाही.

गाडी शुक्रवारीच गेली. यार्डवाल्यांनी तुला सांगितलंच असेल. मला थांबवता आली नाही.

तांड्याबद्दल मी जे लिहिलं त्याचा तू लावलास तो अर्थ नव्हता.

सोलिनावर वर्षअखेरीची सूट ३१ तारखेपर्यंत आहे.

मिताली

*

मारेगाव
२७ जानेवारी २०२५

मिताली,

दीड महिना तुले लिहिलं नाही. आज लिहून राह्यली कारण नाही लिहिलं तर डोकं फुटन.

आधी ही बातमी. मी सोलिना घेतली. वणीहून घेतली, तुमच्या शोरूममधून नाही, तेवढा राग तवाही होता. पण घेतली तुझ्याच सांगण्यावरून. राग उतरल्यावर तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढली अन् वाटलं, बोलली कडू, पण दहा वर्षांत या पोरीनं गाड्यांबद्दल मले कधी खोटं सांगतलं नाही. याडीचे गुडघे, रस्ता, मेकॅनिक, सगळं तपासलं. केस्ट्रा तर गेलीच होती. मनाले म्हणलं, चल, आपलंही वय झालं.

वीस तारखेले गाडी आली. काल याडीले अन् देवसिंगले घेऊन पूजेले कळंबले गेलती, चिंतामणीले. गाडीले हार घातला, लिंबू ठेवले, सगळं केलं. परत निघताना देवसिंग म्हणला, "ते पाह्य, तुझी निळी गाडी."

मी पाह्यलं. तूच होती. ड्रायव्हरची सीट पुढं वाकवून काकूंले मागून बाहेर काढून राह्यली होती. काकूंची चप्पल आत अडकली होती. काका बाजूले उभे होते, दुसरीकडं पाहत. तू काकूंले म्हणून राह्यली होती, आधी डोकं खाली घ्या, मग पाय. दोनदा म्हणलं. काकूंचा चेहरा मी पाह्यला.

मी हाक मारली नाही. देवसिंग जाऊन राह्यला होता, त्याले हात धरून थांबवलं.

मले एकच सांग. तू आणखी एक गिऱ्हाईक आहे म्हणून लिहिलं तवा ते तूच होती का? अन् रविवारी मी तुमच्या शोरूमच्या पायऱ्यांवर दोन तास तुझी वाट पाहत बसली, तवा तू कुठं होती?

राखी

*

यवतमाळ
३ फेब्रुवारी २०२५

राखी,

हो. मीच होते.

रविवारी मी घरी होते. आई बरी होती. फोन उपडा ठेवला होता आणि प्रत्येक वेळी वाजला की मोजत होते. तू नऊ वेळा केलास. गाडी तेव्हा सहकाऱ्याच्या घरी, पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवली होती.

आता तू म्हणालीस तसं खरं लिहिते, उशिरानं.

तुझं चोवीस नोव्हेंबरचं पत्र मी शोरूमच्या जिन्यात वाचलं. जिच्यात दुसऱ्यासाठी जागाच नाही, ते वाक्य. राखी, त्याआधी मला कधीच कूपे नको होती. मी तुझ्याशी भांडायचे ते मनापासून. माझ्या आयुष्यात जे काही घेतलं ते मागच्या सीटवर कोण बसणार याचा हिशोब करून घेतलं. नोकरीही यवतमाळातलीच, कारण आई-बाबा. तुझं वाक्य वाचलं आणि असं वाटलं की हे मी लिहायला हवं होतं, आणि मला ते सुचलंसुद्धा नाही.

मग तूच म्हणालीस, चालवून बघ. मी गेले. गाव सुटल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबली आणि ती जी गेली, मला हसू यायला लागलं. एकटीच हसत होते. कळंबला पोचले तेव्हा कळंबला थांबायचं होतं हे विसरले आणि पुढे गेले. परत आले तेव्हा ठरलं होतं. नंतर रात्रभर मनाशी भांडले, आणि मग ते पत्र लिहिलं. त्यातला एकही दोष खोटा नाही. क्लच जड आहे, टायर मिळत नाहीत. फक्त मला त्यातल्या कशाचंच काही वाटलं नाही, हे लिहिलं नाही. तांड्याचा रस्ता मी मुद्दाम घातला. तुला चीड येईल आणि तू नाद सोडशील असं वाटलं. माझ्या हातून झालेली ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे. गाडी घेणं त्याच्यापुढे कमी.

तू पाहिलंस ते तर रोजचं आहे. आईला वाटलं, घरात गाडी आली म्हणजे आता रिक्षा बंद. मी नाही म्हणू शकले नाही. बाबा एकदाच बसले, त्या दिवशी कळंबला येताना, गुडघा अडकला, आता बसत नाहीत, बोलतही नाहीत. दोन महिन्यांत मी ती एकटीनं चालवली ती फक्त घर ते शोरूम. सोळा मिनिटं लागतात, तीन सिग्नल.

तुझी गाडी तू घे. मी दिले तेवढ्याच पैशांत, तुझ्या नावावर करून देते. कागद मीच करते, तुला यवतमाळला यावंही लागणार नाही. आज हो म्हण, मी उद्या मारेगावला आणून सोडते.

मिताली

*

मारेगाव
२० फेब्रुवारी २०२५

मिताली,

सतरा दिवस लागले. मधात दोन पत्रं लिहून फाडली. त्याईत फक्त शिव्या होत्या.

सोलिना चांगली आहे. हे तुले सांगायची माझी इच्छा नव्हती, पण सांगते. मागच्या आठवड्यात याडीले पोट दुखलं म्हणून चंद्रपूरले नेलं. जाताना ती मागच्या सीटवर आडवी झाली अन् पोचेपर्यंत झोपली. आता बरी आहे. देवसिंगनं डिकीत बियाण्याच्या बॅगा टाकल्या, गाडी खाली बसली नाही. पडद्याचीही सवय झाली. गतिरोधकावर घासत नाही. तू लिहिलं ते एक अन् एक खरं निघालं. याचाच मले जास्त राग आहे. खोटं बोलली असती तर गाडी खराब निघाली असती अन् मी तुले मोकळेपणानं शिव्या दिल्या असत्या. तू मले खरं सांगून फसवलं. आता ही गाडी चालवताना तिच्यात काही खोट सापडते का हे मी पाहत राह्यते, अन् सापडत नाही.

पाय अजून ताठच राह्यते. या गाडीतही कोणी ना कोणी बसलेलं असते.

केस्ट्रा मले नको. तू देऊन राह्यली ते मनातून देऊन राह्यली, हे समजते. पण मी तिच्यात बसली का मले तूच दिसशीन, काकूंचा हात धरून ओढताना. अन् तू तर मोकळी होशीन. गाडी परत केली, झालं, असं. मी एवढ्या लवकर तुले मोकळं करून देत नाही.

माझी गाडी नेली, त्याचं मी कसंबसं गिळीन. पण माझं ते पत्र वाचून गाडी नेली अन् मग तिच्यात आईले कोंबून देवळात गेली, हे गिळल्या जात नाही. हेच करायचं होतं तर सोलिना होती ना. केस्ट्रा तरी माझी राह्यली असती.

म्हणून आता मी सांगते ते कर. काका-काकूंले सरळ सांग, का ही गाडी तुमच्यासाठी नाही. रागावतीन, रागावू दे. त्याईच्यासाठी रिक्षा लाव, अभिषेकले सांग पुण्याहून भाडं पाठव, तो काळजी नाही म्हणते ना. रविवारी सकाळी उठ, कोणाले सांगू नको कुठं चालली, अन् नागपूरच्या रस्त्याले लाग. कळंबले थांबू नको. जिथपर्यंत जावंसं वाटन तिथपर्यंत जा.

याच्यावर मले पत्र लिहू नको. कशी चालली ते मले ऐकायचं नाही. पण घरासमोर उभी ठेवून तिले गंज चढवशीन, तर मी यवतमाळले येऊन काकूंसमोर सगळं सांगीन.

राखी